चाळीस थेंब: एका राजाच्या उशाशी माणसाची कवटी

रुग्ण पुरुष, वय ५४. उंची सहा फुटांच्या वर, अंगकाठी काटक, भरभर चालायची सवय. गेले काही दिवस टाचेला जखम, त्यामुळे फिरणं बंद. छंद म्हणून घरातल्या प्रयोगशाळेत पारा तापवत बसतो. आदल्या रात्री झोप नीट लागली नाही. सकाळी उठला तोच चेहरा पांढराफटक, बोलण्यात ताळमेळ नाही. आठच्या सुमारास न्हाव्यापुढे दाढीला बसला आणि एकदम किंचाळून कोसळला. अंगाला झटके, डोळे फिरलेले.

फार्मसीच्या मुलांना औषधांचा इतिहास शिकवायचा असला की मी फळ्यावर एवढंच लिहिते आणि विचारते, काय कराल? हात पटापट वर येतात. बीपी बघू. शुगर बघू. सीटी स्कॅन. क्रिएटिनिन. एखादी हुशार मुलगी पाऱ्यावर बोट ठेवते. मग मी त्या रुग्णाला प्रत्यक्षात काय काय दिलं त्याची यादी वाचते. पहिली दहा-बारा नावं वर्ग मुकाट ऐकतो. ‘माणसाच्या कवटीचा अर्क, ४० थेंब’ म्हटलं की मागच्या बाकावरचे मोबाईल खाली जातात.

रुग्णाचं नाव दुसरा चार्ल्स, इंग्लंडचा राजा. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिच्याशी लग्न ठरलं तेव्हा, १६६१च्या करारात, याला मुंबई आंदण मिळाली. १६६८ मध्ये याने ती वर्षाला १० पौंडांच्या खंडावर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. आपल्याकडे शिवाजी महाराजांचा काळ तोच याचा काळ. तर सोमवार, २ फेब्रुवारी १६८५. लंडनचा व्हाइटहॉल राजवाडा.

सोमवार ते शुक्रवार

राजा कोसळला तेव्हा डॉ. एडमंड किंग नावाचा वैद्य योगायोगाने जवळच होता. टाचेची जखम बघायला आला होता. त्याने क्षणाचाही विचार न करता हाताची शीर उघडली आणि १६ औंस रक्त काढलं. म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर. इथे एक मेख होती. राजाच्या अंगाला शस्त्र लावायचं तर आधी बाकीचे राजवैद्य जमायला हवेत, मंत्र्यांची परवानगी हवी. किंगने यातलं काहीच केलं नव्हतं, तेव्हा त्याला रीतसर माफी द्यावी लागेल, अशी टिपणी जॉन एव्हलिनच्या रोजनिशीत आहे. पुढे मंत्रिमंडळाने त्याची पाठ थोपटली आणि १,००० पौंड मंजूर केले. ते त्याला शेवटपर्यंत मिळाले नाहीत. सरकारी बिलं तेव्हाही अशीच अडकत.

मग राजवैद्य जमले. हळूहळू डझनभराहून जास्त झाले. त्यांचा म्होरक्या सर चार्ल्स स्कारबरो. त्याने या पाच दिवसांचं लॅटिनमध्ये सविस्तर टिपण लिहून ठेवलं म्हणून तर हे प्रकरण आपल्याला वाचता येतं. खांद्यांवर तुंबड्या लावून आणखी ८ औंस रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी मानेच्या शिरांतून १० औंस. बेरीज ३४ औंस, म्हणजे लिटरभर. आपण रक्तदानाला जातो तेव्हा साधारण ३५० मिलिलिटर घेतात आणि वर बिस्किटं देतात. इथे दोन दिवसांत त्याच्या जवळजवळ तिप्पट, तेही झटके येऊन गेलेल्या माणसाचं.

बाकीचं भराभर सांगते. ओकारीसाठी अँटिमनी. बस्ती, पुन्हा बस्ती. डोकं तासडून त्यावर फोड आणणाऱ्या स्पॅनिश माशीचा लेप. शिंका काढायला हेलेबोरच्या मुळीची पूड. तळपायांना राळ आणि पारव्याची विष्ठा. नाकाशी अधूनमधून नवसागराचा अर्क. मध्ये ताप आहे असं वाटलं म्हणून सिंकोनाची साल, जिच्यातून पुढे क्विनाईन निघालं. या सगळ्या गर्दीत एवढं एकच औषध असं की त्याला आजच्या पुस्तकातही जागा आहे, आणि नेमका तो आजार या रुग्णाला नसावा.

प्रकृती पुन्हा ढासळू लागली तेव्हा चाळीस थेंब आले. कवटीचा अर्क, गोडसर पेयात घालून. त्यानंतर बेझोर, म्हणजे बकऱ्यासारख्या प्राण्यांच्या पोटात तयार होणारा खडा. हा पूर्वेकडून येई, विषावर उतारा म्हणून सोन्याच्या भावाने विकला जाई. मागणी इतकी की गोव्यातल्या जेजुइटांनी नकली खडेच बनवायला घेतले होते. गास्पार आंतोनियो नावाच्या ब्रदरने ही कृती बसवली. श्रीमंत युरोपियन ते ‘गोवा स्टोन’ सोन्याच्या जाळीदार डबीत ठेवत आणि पेयात किसून घेत. तो गोळा डबीसकट आज संग्रहालयात काचेआड दिसतो. बघणाऱ्याचं लक्ष डबीकडेच जातं.

गुरुवारी संध्याकाळी फादर हडलस्टन मागच्या जिन्याने आला आणि राजाने कॅथलिक पंथ घेतला. शुक्रवारी, ६ फेब्रुवारीला, दुपारच्या आत सगळं संपलं. मरायला फार वेळ लावतोय त्याबद्दल माफ करा, असं तो उशाशी बसलेल्यांना म्हणाला, असं सांगतात. खरं असो वा नसो, त्या पाच दिवसांनंतर रुग्णाने म्हणावं असं ते वाक्य आहे.

थेंब आले कुठून

या औषधाचं बाजारातलं जुनं नाव ‘गोडार्डचे थेंब’. जोनाथन गोडार्ड हा भोंदू नव्हता. राजसत्ता उलथवणाऱ्या क्रॉमवेलच्या फौजेबरोबर फिरलेला वैद्य, लंडनच्या ग्रेशम कॉलेजात प्राध्यापक, रॉयल सोसायटीच्या पहिल्या फळीतला सभासद. त्याच्याकडून चार्ल्सने ही कृती विकत घेतली. किंमत म्हणून १,५०० पौंडांपासून ६,००० पौंडांपर्यंतचे आकडे छापलेले सापडतात. गुप्त औषधाची किंमत प्रत्येक वेळी सांगताना वाढते, हा माझा अनुभव आहे. राजाने घेतल्यावर त्यांना ‘किंग्ज ड्रॉप्स’ म्हणू लागले. खोलीखाली त्याची स्वतःची छोटी प्रयोगशाळा होती. १६६९ मध्ये रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस ती बघून आला आणि जागा छान आहे असं लिहून गेला. तिथे राजा स्वतः बाह्या सारून अर्क काढत असे. म्हणजे शेवटी त्याच्या घशात उतरलं ते त्याच्याच नावाचं औषध.

थेंब फक्त मरणाऱ्यांसाठी नव्हते. भोवळ, झटके, फेफरं, मन खचणं, कशावरही चालत. अ‍ॅन डॉर्मर नावाच्या एका जमीनदारीण बाईने १६८६ मध्ये बहिणीला लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की तब्येत सांभाळायला ती राजाचे थेंब घेते आणि चॉकलेट पिते. नवरा छळवादी, घर म्हणजे कोंडवाडा, त्यात ही दोन सुखं. चॉकलेटचं आपल्याला कळतं. थेंबांचं कळायला थोडं रसायन लागतं.

कृती थोडक्यात अशी. हाडाचे तुकडे बकपात्रात भरायचे, पाणी न घालता खालून जाळ द्यायचा. याला शुष्क ऊर्ध्वपातन म्हणतात. आधी पाणीदार द्रव येतो, मग पांढरा क्षार भांड्याच्या मानेशी गोठतो, शेवटी काळं, घाण वासाचं तेल. द्रव आणि क्षार पुन्हा पुन्हा शुद्ध केले की ‘स्पिरिट’ तयार. कवटी असो, हरणाचं शिंग असो, हस्तिदंत असो, सगळ्यांत प्रथिनं आहेत आणि प्रथिनांत नायट्रोजन आहे. जळताना त्याचा अमोनिया होतो. पांढरा क्षार म्हणजे अमोनियम कार्बोनेट. बेशुद्ध माणसाच्या नाकाशी धरायच्या ‘स्मेलिंग सॉल्ट’मध्ये तेच असतं.

मुलांना हे सांगून पटत नाही, म्हणून करून दाखवते. तीन परीक्षानळ्या. एकीत जुन्या पैठणीच्या काठातून उसवलेलं रेशीम, दुसरीत माझ्याच कंगव्यातले केस, तिसरीत घाटावरून आणलेल्या शिंगाच्या फणीचा कीस. तोंडाशी ओला लाल लिटमस धरायचा आणि नळी तापवायची. अर्ध्या मिनिटात तिन्ही कागद निळे. आणि तिन्हींचा वास एक: केस जळाल्याचा, वर नाकात झिणझिण्या आणणारा. कुठली नळी कुठली, ते डोळे मिटून सांगा, म्हणते. आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. मला तरी कुठे येतं!

रेशमाची नळी उगाच नाही घेत. मार्टिन लिस्टर हा चार्ल्सनंतरच्या पिढीतला नावाजलेला वैद्य. गोडार्डचे थेंब म्हणजे कच्च्या रेशमाचा अर्क, दुसरं काही नाही, असं त्याने १६९० च्या दशकाअखेर छापून टाकलं. इतर कृतींत कवटी, शिंग, वाळवलेला साप, हस्तिदंत. मंडळी वाद घालत बसली की खरी कृती कुठली. पण सगळ्या कृतींतून बाटलीत उतरत होतं ते एकच.

आता हा रुग्ण आठवा. झटका येऊन निपचित पडलेला. घशात अमोनियाचे थेंब गेले, नाकाला झोंबले, त्याने श्वास ओढला, पापण्या हलल्या. भोवती उभ्या चौदा माणसांनी बघितलं की कवटी लागू पडतेय. आणि खरंच काहीतरी होत होतं. या औषधाची अडचण हीच की ते अगदीच निरुपयोगी नव्हतं. साखरेच्या पाण्याचा पंचवीस वर्षांत कुणाला तरी संशय आला असता.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतं ते नवसागर. नवसागरातून निघणारा अर्कही अमोनियाच. त्याच खोलीत, त्याच रुग्णाच्या नाकाशी, तो अर्क धरला होता. म्हणजे कवटीची परीक्षा घ्यायला लागणारी दुसरी बाटली चार फुटांवर होती. खोलीतले वैद्य अडाणी नव्हते. रक्ताभिसरण शोधणाऱ्या विल्यम हार्वेचा वारसा सांगणारी माणसं होती ती. स्कारबरो तर हार्वेचा लाडका शिष्य. पण एक बाटली बाजूला ठेवून दुसरीच तेवढी देऊन बघावी, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. राजाच्या बाबतीत ते शक्यही नव्हतं म्हणा. एखादं औषध दिलं नाही आणि राजा गेला, तर जबाब कोण देणार?

ही भीती पोकळ नव्हती. राजा गेल्यावर काही महिन्यांतच त्याचा अनौरस मुलगा मॉन्मथ बंड करून उठला आणि त्याने जाहीरनाम्यात काका जेम्सवर, म्हणजे नव्या राजावर, चार्ल्सला विष घातल्याचा उघड आरोप केला. अशा हवेत प्रत्येक औषधाची नोंद, प्रत्येक चिठ्ठीखाली सह्यांची रांग, हे वैद्यांचं चिलखत होतं. आजही अतिदक्षता विभागातली फाईल जाड होत जाते तेव्हा त्यातली सगळी पानं रुग्णासाठी नसतात.

कवटीच का

कवटी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मांत्रिक येतो, अमावास्या, लिंबू, शेंदूर. इथे चित्र निराळं आहे. १६१८ मध्ये लंडनच्या वैद्यांच्या महाविद्यालयाने पहिली अधिकृत औषधसूची काढली, तिच्यात ममी होती, माणसाची कवटी होती. दुकानदार ती उघड्यावर मांडून विकत.

यामागे तर्क होता, आणि तो तर्क घट्ट विणलेला होता. सोळाव्या शतकातला वैद्य पॅरासेल्सस आणि त्याचे चेले म्हणत की शरीरात एक प्राणतत्त्व असतं. म्हातारपणी, आजारात ते झिजत जातं. पण फाशी गेलेला किंवा लढाईत पडलेला धडधाकट माणूस अचानक मरतो, त्याचं प्राणतत्त्व न वापरता शिल्लक राहतं. ते काढून घ्यायचं. डोक्याच्या दुखण्याला डोकं. म्हणून मेंदूच्या झटक्यावर कवटी, आणि तीही खाटेवर मेलेल्याची नको. एका जर्मन वैद्याच्या पुस्तकातली कृती तर थेट सांगते: तांबड्या केसांचा, चोवीस वर्षांचा, निरोगी, हिंसेने मेलेला माणूस घ्या. पाककृतीत ‘कोवळी भेंडी घ्यावी’ लिहितात तसं.

कवटीवर उगवणारं शेवाळ, त्याला ‘उस्निया’ म्हणत, ते रक्त थांबवायला. रॉबर्ट बॉईल, ज्याचा नियम अकरावीत आपण सगळ्यांनी घोकला, त्याने आपला घोळणा फुटला असताना हे शेवाळ नुसतं मुठीत धरून रक्त थांबल्याचं लिहिलंय. हवेचा दाब आणि आकारमान मोजणारा माणूस! नाकातून रक्त बहुधा दहा मिनिटांत आपोआप थांबतं, मूठ रिकामी असली तरी.

माल यायचा आयर्लंडहून. याचं कारण सरळ आहे. तिथे इंग्रजांच्या लढाया चालू होत्या आणि मारलेल्यांना पुरायला कुणी नव्हतं. फ्रान्सिस बेकन या इंग्रज विचारवंतानेही शेवाळाविषयी लिहिताना आयर्लंडमध्ये न पुरलेल्या प्रेतांच्या राशींचा उल्लेख सहज केलाय, जसं एखादा व्यापारी हिरडा कुठे चांगला मिळतो ते सांगेल. स्कारबरोच्या टिपणात प्रत्येक वैद्याचं नाव आहे. कवटी मात्र औषधाच्या नावातच संपते. मुलं हटकून विचारतात, “मॅडम, पण ती कवटी कुणाची होती?” मी त्यांना आयर्लंड सांगते आणि नकाशा दाखवते. त्यापुढे त्यांना काही सांगावं लागत नाही.

ममीची कथा याहून विचित्र, कारण तिच्या मुळाशी निव्वळ भाषांतराची चूक आहे. फारसीत ‘मोम’ म्हणजे मेण, आपल्या मोमबत्तीतला मोम तोच. ‘मोमियाई’ म्हणजे डोंगराच्या कपारीतून पाझरणारा काळा, चिकट, मेणासारखा पदार्थ. हाड मोडलं, मुका मार लागला की अरबी-फारसी हकीम तो देत. आपल्याकडच्या शिलाजिताचा जवळचा भाऊ. इजिप्तच्या जपून ठेवलेल्या प्रेतांवरचा काळा लेप दिसायला तसाच, म्हणून त्यालाही तेच नाव पडलं. बाराव्या शतकात अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये गेले तेव्हा लेपाचं नाव प्रेताला चिकटलं. मग युरोपचे औषधवाले डांबर सोडून प्रेतच मागू लागले.

मागणी तिथे पुरवठा. १५८६ मध्ये जॉन सँडरसन या इंग्रज व्यापाऱ्याने इजिप्तमधून ६०० पौंड वजनाचा ममीचा माल मायदेशी पाठवायला घेतला. त्याआधी, १५६४ मध्ये, एक फ्रेंच वैद्य अलेक्झांड्रियात अशाच एका व्यापाऱ्याकडे गेला. तिथे ४० ममी मांडलेल्या. जुन्या आहेत का विचारल्यावर व्यापारी हसला. गेल्या चार वर्षांत आपणच केल्यात, म्हणाला. गुलामांची आणि बेवारस लोकांची प्रेतं, रोगाने मेलेली, जशी मिळतील तशी. फ्रान्सचा प्रसिद्ध शस्त्रवैद्य आंब्रुआज पारे याने ही हकीकत १५८२ मध्ये ममीविरुद्ध लिहिलेल्या निबंधात दिली आणि म्हटलं की मी हे अनेकदा देऊन पाहिलंय, गुण शून्य, उलट पोट दुखतं आणि ओकाऱ्या होतात. पारेचा आक्षेप मला आवडतो, कारण ‘किळसवाणं’ एवढ्यावर तो थांबत नाही. देऊन पाहिलं, मोजलं, लागू पडलं नाही. चार्ल्स मरायच्या शंभर वर्षं आधी हे छापलेलं होतं. व्हाइटहॉलमध्ये कुणी ते उघडलं असेल असं दिसत नाही.

मृत्यूचं कारण

राजाचं शवविच्छेदन झालं. त्या वर्णनावरून आणि आजाराच्या नोंदींवरून पुढच्या वैद्यांनी तर्क लढवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेमंड क्रॉफर्डने सगळी कागदपत्रं तपासून मूत्रपिंड निकामी झाल्याचं निदान केलं, आणि ते बऱ्याच जणांना पटतं. नंतर काहींनी पाऱ्याच्या विषबाधेकडे बोट दाखवलं. वर्गातली ती हुशार मुलगी इथे खूश होते.

कवटीने त्याला मारलं नाही. चाळीस थेंब अमोनियाने कुणी मरत नाही. मूत्रपिंडं थकलेल्या माणसाचं लिटरभर रक्त काढणं, वर ओकाऱ्या आणि जुलाब काढून त्याला सुकवणं, यांचा हिशेब मांडायला हवा. गंमत म्हणजे त्या उपचारांना आज कुणी नाक मुरडत नाही. लोकांच्या लक्षात राहते ती कवटीच. खुद्द गोडार्डचं काय झालं, तर १६७५ मध्ये तो लंडनमध्ये मित्रांबरोबर गप्पा मारून घरी निघाला आणि चीपसाइडला रस्त्यात कोसळून जागच्या जागी गेला. ज्या झटक्यावर त्याचे थेंब रामबाण म्हणत, त्याच झटक्याने. ही बातमी राजाला आणि त्याच्या वैद्यांना दहा वर्षं ठाऊक होती.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडच्या अधिकृत सूचीतून कवटी-ममी मंडळी निघून गेली. अमोनिया राहिला. तो आता नवसागरातून काढत, आणि बाटलीवर नाव बदललं एवढंच.

एक वळसा घेते, कारण मुलं इथवर फार निर्धास्त होतात. माणसाच्या प्रेतापासून औषध हा प्रकार चार्ल्सबरोबर संपला असं त्यांना वाटतं. १९५८ मध्ये अमेरिकेत मृतांच्या मेंदूच्या तळाशी असणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीतून वाढीचं संप्रेरक काढून एका खुज्या मुलाला दिलं गेलं. मुलगा वाढला. पुढे शवागारांतून ग्रंथी गोळा करायचे सरकारी कार्यक्रम निघाले. एकट्या अमेरिकेत साडेसात हजारांवर मुलांना हे इंजेक्शन मिळालं. हे औषध खरंच काम करायचं, फुटपट्टीने मोजून दाखवता यायचं. १९८५ मध्ये त्यातली काही मुलं तरुणपणी क्रॉइट्सफेल्ट-याकोब नावाच्या मेंदू पोखरणाऱ्या रोगाने गेल्याचं उघड झालं. ग्रंथींबरोबर रोगही आला होता, आणि तो दहा-वीस वर्षं गप्प बसला होता. पुरवठा तडकाफडकी बंद. त्याच वर्षी जिवाणूंकडून बनवून घेतलेलं संप्रेरक अमेरिकेत मंजूर झालं. चार्ल्सला जाऊन बरोबर तीनशे वर्षं झाली होती. या गोष्टीनंतर वर्गात कवटीवर कुणी हसत नाही.

मुंबई, १८९६

आता ज्या गावात मी हे शिकवते त्या गावाकडे, राजाच्या आंदणाकडे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पालिकेची माणसं घरात शिरून आजाऱ्यांना उचलून आर्थर रोडच्या साथीच्या इस्पितळात नेऊ लागली. आजचं कस्तुरबा ते. गेलेला माणूस क्वचितच परत येई, आणि नातेवाइकांना आत सोडत नसत. मग गिरणगावात कुजबुज सुरू झाली की साहेब आत माणसं मारून त्यांच्यापासून मोमियाई काढतो, गोऱ्यांच्या औषधासाठी. राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं म्हणून तिने मुंबईकरांची काळजं मागवलीत, अशीही बोलवा होती. उत्तर हिंदुस्थानात तर मोमियाईवाला साहेब मुलांना धरून नेतो, उलटं टांगून खाली मंद जाळ करतो आणि टपटप पडणारं तेल गोळा करतो, ही गोष्ट घरोघर सांगत. २९ ऑक्टोबरला हजाराच्या आसपास गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले.

अफवा धादांत खोटी होती. इस्पितळात कुणी तेल काढत नव्हतं, तिथली माणसं प्लेगने मरत होती. इंग्रज अधिकाऱ्यांनी ती अडाणी नेटिवांची कल्पनाशक्ती म्हणून लिहून ठेवली.

मी मुलांना ते वाक्य वाचून दाखवते आणि त्याच्या शेजारी दोन कागद ठेवते. एक स्कारबरोचा, ४० थेंबांचा. दुसरा जर्मनीतल्या मर्क या औषध कंपनीच्या विक्रीयादीतला, आर्थर रोडच्या दंग्यानंतरचा, विसाव्या शतकातला. अस्सल इजिप्शियन ममी, भाव किलोवर, साठा असेपर्यंत.